दिवाळीची धुलाई आणि नोझलचा नंबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबाग असो की लोकमान्य नगर, ओटे, जिने, गच्च्या आणि फाटके धुवायला निघतात. पूर्वी हे काम खराटा, बादली आणि धुण्याच्या सोड्यावर भागायचे. आता गल्लोगल्ली जोरदार धारेने धुणारे जेट मशीन भाड्याने मिळते आणि दिवसभराच्या कामाला माणूसही सोबत येतो. मशीन ठरवताना मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती बारची आहे?’ बार हे दाबाचे, म्हणजे प्रेशरचे, माप. जास्त बार म्हणजे चांगली धुलाई, असा समज पक्का बसला आहे. त्या समजापायी चांगल्या फरशांच्या सांधी उकरल्या जातात, दारांचे लाकूड पिंजते, गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर सोलून निघतो. ज्याने हे सगळे ठरते तो गनच्या टोकाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, म्हणजे नोझल, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पंप प्रेशर तयार करत नाही, तो मिनिटाला ठरावीक लिटर पाणी पुढे ढकलतो. ते पाणी नोझलच्या बारीक छिद्रातून निघताना अडते आणि त्या अडण्यातून प्रेशर उभे राहते. नोझल काढून गन दाबा, तेच मशीन बागेच्या नळीसारखे पाणी सोडेल. म्हणजे मशीनवर 150 बार छापलेले असले, तरी तुमच्या ओट्यावर किती बार पडणार हे त्या छिद्राच्या मापावर ठरते.

हे माप नोझलच्या अंगावर कोरलेले असते. अक्षरे बारीक असतात, उजेडात धरून वाचावी लागतात. बहुतेक नोझलवर 1503, 25045, 4003 असे आकडे दिसतील. पहिले दोन आकडे फवाऱ्याचा कोन सांगतात, उरलेले छिद्राचा नंबर. 25045 म्हणजे कोन 25 अंश आणि नंबर 4.5. 4003 म्हणजे कोन 40 अंश आणि नंबर 3. हा नंबर म्हणजे मिलिमीटर नव्हे. 4000 पीएसआय म्हणजे सुमारे 276 बार प्रेशरला त्या छिद्रातून मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जाते, तो हा आकडा. गॅलन आणि पीएसआयच्या भानगडीत आपल्याला पडायचे कारण नाही. लिटर आणि बारमध्ये हिशेब सरळ होतो: मशीनचे मिनिटाचे लिटर गुणिले 4.4, भागिले बारचे वर्गमूळ. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होते.

उदाहरण घेऊ. घरगुती कामाला सिंगल फेजवर चालणारे 8 लिटर, 120 बारचे मशीन येते. 8 गुणिले 4.4 म्हणजे 35.2. 120 चे वर्गमूळ साधारण 11. उत्तर 3.2, म्हणजे 3 नंबरचे नोझल. सोसायट्यांच्या कामाला येणारे थ्री फेज मशीन 13 लिटर, 150 बारचे धरा. उत्तर 4.7 च्या आसपास, म्हणजे 4.5 नंबर लावावा आणि अनलोडर (ठरलेल्या प्रेशरपुढे जादा पाणी परत वळवणारा पंपावरचा व्हॉल्व्ह) 150 वर ठेवावा, किंवा 5 नंबर लावून 130 बारवर समाधान मानावे.

आता घोटाळा कुठे होतो पाहा. भाड्याने देणाऱ्याकडे दोन्ही मशीन असतात आणि नोझल एकाच डब्यात पडलेले असतात. कपलर, म्हणजे नोझल गनला अडकवायचा जोड, सगळ्यांचा पाव इंची, त्यामुळे कोणतेही नोझल कुठेही टक् करून बसते. मोठ्या मशीनचे 4.5 नंबर छोट्या मशीनला लागले की 120 बारच्या जागी जेमतेम 60 बार मिळतात. मग कारागीर गन फरशीच्या अगदी जवळ नेऊन घासत बसतो आणि दुप्पट पाणी जाते. उलट, छोट्या मशीनचे 3 नंबर मोठ्याला लागले तर 13 लिटर पाणी त्या छिद्रातून जाऊच शकत नाही. अनलोडर व्हॉल्व्ह उघडतो, जादा पाणी फिरून पंपातच येते आणि पंप तापू लागतो. अनलोडर आवळून ठेवलेला असेल तर मोटर ट्रिप होते, सील जाते किंवा पाईप फुटतो. दोन्ही वेळा खापर मशीनवर फुटते.

कोन ओळखायला रंगांची पद्धत जवळजवळ सगळीकडे एकच आहे. लाल म्हणजे 0 अंश, पाण्याची सरळ सुई. पिवळे 15, हिरवे 25, पांढरे 40. काळे 65 अंशांचे, मोठ्या छिद्राचे, फक्त साबणासाठी. नंबर तोच ठेवून पिवळ्याच्या जागी पांढरे लावले तर गेजवर प्रेशर कमी होत नाही, काटा तिथेच राहतो. तेच पाणी जास्त रुंद पट्ट्यावर पसरते, म्हणून मार हलका होतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ संपतो: प्रेशर नंबरने ठरते, माराची रुंदी कोनाने.

आणि तिसरी गोष्ट अंतर. फूटभर, म्हणजे 30 सेंटिमीटरवरून पिवळे नोझल सुमारे 8 सेंटिमीटरचा पट्टा धुते, हिरवे 13 चा, पांढरे 22 चा. अंतर निम्मे केले की पट्टाही निम्मा. म्हणजे पांढरे नोझल 10 सेंटिमीटरवर धरले तर त्याचा पट्टा सात सेंटिमीटरचा होतो, फूटभर लांब धरलेल्या पिवळ्याइतका. ‘पांढरे लावले आहे, काही होणार नाही’ म्हणून गाडीच्या पत्र्याला गन टेकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कामाप्रमाणे निवड करताना सुरुवात नेहमी पांढऱ्याने आणि दोन फुटांवरून करावी. कोपऱ्यात हातभर जागेवर पाहावे, मळ निघत नसेल तर हळूहळू एक फुटापर्यंत यावे, तरीही नसेल तर हिरवे लावावे. ओट्याच्या काळ्या दगडावर किंवा सिमेंट काँक्रीटवर पावसाळ्यातले शेवाळ हिरव्या नोझलने छान निघते, फक्त आधी दहा-पंधरा मिनिटे ओले करून ठेवायला हवे. सुकलेले शेवाळ चिवट होते, भिजलेले पापुद्र्यासारखे उचलले जाते. कोटा फरशीवर पिवळे लावू नये, कारण तिचे थर असतात आणि कडेला पाणी शिरले की कपच्या उडतात. पेव्हर ब्लॉकमध्ये सांधीतली वाळू हाच त्यांचा आधार असतो. हिरवे नोझल तिरके धरून, सांधीला आडवे चालवावे आणि वाळल्यावर बारीक कोरडी वाळू पुन्हा झाडूने भरून घ्यावी. हे शेवटचे काम कोणीच करत नाही, म्हणून पुढच्या पावसात ब्लॉक डुगडुगू लागतात.

गच्चीवर विटांचा कोबा आणि वर तुटक्या टाइल्स असतील तर हिरवे चालेल. पांढऱ्या कोटिंगचा थर असेल तर पांढरेच, तेही दोन फुटांवरून, आणि थराची जिथे कड आहे तिथे फवारा कडेच्या आत कधीही शिरू देऊ नये. एकदा थराखाली पाणी गेले की तो चादरीसारखा उचलला जातो आणि जूनमध्ये खालच्या खोलीचे छत गळते. सागवानी दार किंवा खिडकीची चौकट असेल तर खरे म्हणजे ओले फडकेच बरे. मशीनच वापरायचे तर पांढरे, दीड-दोन फुटांवरून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवे मारले की मऊ रेषा खोदल्या जातात, कठीण उभ्या राहतात आणि दार हाताला खरखरीत लागते. पॉलिशने ते भरून निघत नाही.

गाडीला पांढरे, फुटाच्या आत नाही. टायरच्या बगलेवर जवळून मारल्यास रबराच्या आतल्या धाग्यांना इजा होते, ती बाहेरून दिसतही नाही. मोटरसायकलच्या चेनवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि वायरिंगच्या जोडांवर फवारा नको. एसीच्या बाहेरच्या युनिटची पत्र्याची पाती नखानेही वाकतात, तिथे बागेची नळी पुरते. सोलर पॅनेलवर तर जेट मशीन नेऊच नये: मऊ ब्रश आणि साधे पाणी, तेही सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर थंड पाणी नको.

जुन्या घरांबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण तिथले नुकसान परत भरता येत नाही. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, कोरीव दगडी महिरपी अजूनही आपल्या जुन्या वस्त्यांत आहेत. चुन्याची सांधी सिमेंटपेक्षा कितीतरी मऊ. भाजलेल्या विटेची बाहेरची कातडी कडक असते, ती गेली की आतली वीट दर पावसात झडत राहते. अशा जागी 25 ते 30 बारच्या पुढे जाऊ नये. पण 120 बारचे मशीन 30 वर आणायचे कसे? अनलोडर सैल केल्यास अर्धेअधिक पाणी आतल्या आत फिरत राहते आणि पंप तापतो. योग्य उपाय म्हणजे मोठ्या नंबरचे नोझल. 8 लिटरच्या मशीनला 6.5 नंबर, 13 लिटरच्याला 10 नंबर, दोन्ही 40 अंशांचे. पाणी सगळे बाहेर पडते, मार हलका राहतो, पंप थंड राहतो. असे एक नोझल प्रत्येक मशीनसोबत असायला हवे आणि हीच माझी भाड्याने देणाऱ्यांना सगळ्यात कळकळीची विनंती आहे. आणि जिथे गिलावा बोटाने चोळल्यावर भुकटी होतो, तिथे ब्रश आणि बादलीच.

दोन डाग असे आहेत की त्यांच्यावर नोझलचा इलाज नाही, तरी लोक लाल नोझल लावून झगडतात. एक तेलाचा. शेव-नमकीनच्या कारखान्यातली किंवा सराफ्यासारख्या खाऊगल्लीतली फरशी थंड पाण्याच्या धारेने स्वच्छ होत नाही. चिकटा नुसता भिंतीवर आणि शेजारच्या दुकानात उडतो. तिथे आधी तेल कापणारा साबण, दहा मिनिटे थांबणे, ब्रश, आणि शक्य असल्यास गरम पाणी. साधे थंड पाण्याचे मशीन असेल तर कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा गरम पाणी आत सोडू नये, सील मऊ पडतात. दुसरा डाग जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाचा. कात दगडाच्या आणि सिमेंटच्या छिद्रांत उतरलेला असतो. सुईच्या धारेने डाग जात नाही, पण सिमेंटचा पृष्ठभाग जातो आणि पुढची पिंक आणखी खोल मुरते.

साबणाबद्दल नेहमीची तक्रार असते की नळी साबणाच्या डब्यात टाकली तरी मशीन साबण ओढत नाही. पंपापुढे बसवलेला इंजेक्टर प्रेशर कमी असतानाच ओढतो. काळे नोझल लावा, लगेच ओढेल. रंगीत नोझल असताना कधीच ओढणार नाही. साबण भिंतीवर खालून वर लावावा, धुताना वरून खाली यावे. वरून लावला की कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांचे पट्टे राहतात.

आता झिजेकडे येऊ, कारण बहुतेक मशीन ‘कमजोर’ होतात ती इथेच. 4.5 नंबरच्या नोझलचे छिद्र सव्वा ते दीड मिलिमीटरचे असते. त्याची कड चहूबाजूंनी एका केसाच्या जाडीइतकी झिजली, तर छिद्राचे क्षेत्रफळ पाचव्या हिश्शाने वाढते आणि 150 बारचे सुमारे 100 बार होतात. डोळ्याला फरक दिसत नाही. ओळखायचे कसे? नव्या नोझलचा पट्टा कोरड्या फरशीवर एकसारखा उमटतो. झिजलेल्याचा मधे दाट आणि कडांना फाटका दिसतो, किंवा त्यात जाड रेघा पडतात. पितळी नोझल लवकर झिजते, कडक केलेल्या स्टेनलेस स्टीलचे बरेच टिकते. बोअरिंगच्या पाण्यात बारीक रेती येत असेल तर कोणतेही लवकर जाते, म्हणून पाणी घेण्याच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर हवाच.

झिजलेल्या नोझलवर जो चुकीचा उपाय केला जातो तो धोक्याचा आहे. प्रेशर उतरले की कारागीर अनलोडरची स्प्रिंग आवळतो. त्याने काही फरक पडत नाही, कारण सगळे पाणी आधीच नोझलमधून जात असते, व्हॉल्व्ह बंदच असतो. म्हणून तो अजून आवळतो. काही दिवसांनी कोणीतरी नवे नोझल आणून लावतो. आता छिद्र पुन्हा बारीक, आणि अनलोडर पार कसलेला. प्रेशर पंपाच्या मर्यादेपलीकडे चढते आणि पाईप, सील किंवा गनचा जोड तुटतो. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी पंप उघडावा लागतो. म्हणून क्रम पक्का ठेवावा: प्रेशर कमी वाटले तर पहिल्यांदा पाणी पुरेसे येते का ते पाहणे, मग फिल्टर, मग नोझल बदलणे. अनलोडरला शेवटी हात लावायचा आणि नवे नोझल बसवण्याआधी तो सैल करून, गेज पाहत पुन्हा लावायचा.

पाणी पुरते का हे पाहायला बादली पुरे. नोझल काढावे, गन उघडी धरून 20 लिटरची बादली भरावी. 13 लिटरच्या मशीनने ती दीड मिनिटात, 8 लिटरच्याने अडीच मिनिटांत भरायला हवी. वेळ जास्त लागला तर पंपाला पाणी कमी पडते आहे, किंवा पंपाचे व्हॉल्व्ह गेले आहेत. आपल्याकडे नर्मदेचे पाणी अनेक वस्त्यांत एक दिवसाआड येते, त्यामुळे मशीन बहुधा गच्चीवरच्या टाकीच्या अर्धा इंची नळावर लावलेले असते. गच्चीवरच धुवायचे असेल तर त्या नळाला उतारच नसतो. पंप हवा ओढतो, खडखडतो, गन धक्के देते. तेव्हा मोठा ड्रम भरून त्यातून पाणी द्यावे. ‘तिसऱ्या मजल्यावर प्रेशर पोहोचत नाही’ हे मात्र खरे नाही. 10 मीटर उंचीला फक्त 1 बार जातो. जास्त तोटा होतो तो लांब, बारीक पाईपच्या घर्षणात.

गन एकाएकी धक्के देऊ लागली किंवा फवारा एका बाजूला कलला, तर छिद्रात गंजाचा कण किंवा क्षार अडकला आहे. मशीन बंद करावे, गन दाबून उरलेले प्रेशर सोडावे, मगच नोझल काढावे. बाहेरच्या बाजूने बारीक सुई घालून कण सोडवावा आणि त्याच बाजूने पाणी मारून उलटे धुवावे. खिळा, पेचकस किंवा ड्रिल बिट घालू नये, कडेला ओरखडा आला की पट्टा कायमचा फाटतो. आपल्या बोअरिंगच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून नोझल अर्धा तास बुडवून ठेवावे. परत बसवताना कपलरची कडी पुढे सरकली का ते पाहून नोझल जोराने ओढून बघावे. आतली ओ-रिंग (रबरी कडी) तुटलेली असेल तर आधी बदलावी. अर्धवट बसलेले नोझल गोळीसारखे सुटते.

सुरक्षेबद्दल लोक सगळ्यात बेफिकीर आहेत, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच आहे. 150 बारला धार ताशी 600 किलोमीटरच्या वेगाने निघते. ती कातडी भेदते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, फारसे दुखतही नाही, पण मळके पाणी आणि साबण आत स्नायूंपर्यंत गेलेले असतात. अशा वेळी हळद लावून काम चालू ठेवू नये. त्याच क्षणी रुग्णालयात जावे आणि ‘जास्त दाबाची धार आत शिरली आहे’ हे स्पष्ट सांगावे. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. पाय धुवायला, चपलेचा चिखल काढायला गन पायावर धरणारे कारागीर दिसतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. 13 लिटर, 150 बारची गन हाताला सुमारे पावणेचार किलोचा मागे धक्का देते, म्हणून शिडीवर चढून धुवायचे नाही, लांब दांडी लावायची. आणि मशीनची वायर 30 मिलिअँपियरच्या आरसीसीबीतूनच (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधूनच) घ्यावी, ओल्या अंगणात जोडलेला टेप गुंडाळलेला बोर्ड नको.

स्वच्छतेत 2017पासून देशात नाव काढणाऱ्या या शहरात पाणी 70 किलोमीटरवरच्या, नर्मदेकाठच्या जलूदहून उपसून येते. ते चुकीच्या नोझलमुळे दुप्पट सांडावे, याचे मनापासून वाईट वाटते. सियागंज बाजारात जवळपास सगळे नंबर मिळतात, फक्त रंग न सांगता मशीनचे लिटर आणि बार सांगून मागायला हवेत. भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक मशीनवर रंगाने मोठ्या आकड्यात तीन गोष्टी लिहाव्यात: मिनिटाचे लिटर, बार, आणि त्याला लागणारा नोझलचा नंबर. सोबत त्या नंबरची हिरवे आणि पांढरे, साबणाचे काळे, आणि जुन्या भिंतींसाठी एक मोठ्या नंबरचे, अशी चार नोझल वेगळ्या डबीत द्यावीत. लाल नोझल मागितल्याशिवाय देऊच नये. आणि सोसायट्यांच्या चिटणीसांनी कामाची पावती करताना ‘प्रेशर धुलाई’ एवढेच न लिहिता, कोणत्या जागी कोणते नोझल आणि किती अंतरावरून, हेही त्यावर लिहून घ्यावे.

आपला,
एक वाचक, इंदूर